आधी इळा, मग हात

आये,

आज रविवार आहे. दुपारचं जेवण झालंय आणि बराकीतल्या सगळ्या मुली बूट चमकवत बसल्यात, कारण परवा कसम परेड आहे. परवा शपथ घेतली की आम्ही शिकाऊ राहणार नाही, खऱ्या शिपाई होणार. मी माझे बूट घासून ठेवले आणि भिंतीला टेकून हे लिहायला घेतलं. तू चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडून वाचायचीस, म्हणून जरा मोठं काढतेय. शाळेतलं मराठी लिहितेय, त्यावरून हसू नकोस. तू गेलीस तेव्हा मी स्वतः चौथीत होते आणि गोठ्यात एकटी जायचं म्हटलं तरी तुझा पदर धरायची. आता माझे केस मानेपर्यंत कापलेत, हातात रायफल असते, आणि भित्री मात्र मी तशीच आहे. तेच सांगायला बसलेय, दुसऱ्या कोणाला सांगणार?

इथे आले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला काय जड जाणार. कुडपणवरून खाली कॉलेजला यायचं तर एसटी चुकली की मी घाटाची सडक पळत उतरायची. भरतीच्या मैदानात मी पुढे आणि बाकीच्या मुली माझ्या मागे. पण इथे पळणं हे सगळ्यात सोपं काम निघालं. उजाडायच्या आत शिट्टी होते, बिस्तर घडी करून ठेवायचं, हजेरीला उभं राहायचं, मग पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, मग परत पीटी, आणि या सगळ्यात कोणी ना कोणी कानाशी ओरडत असतं. शिकवणाऱ्याला इथे उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद हरियाणाचे, मिशा अशा की बघूनच आवाज बसावा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओळीतून बाहेर काढलं आणि सगळ्यांना म्हणाले, पाय कसा मारायचा ते हिच्याकडून शिका. मला हसूच आलं. रानात पाय आपटत चाल, म्हणजे लांबडं आवाजानं सरपटत बाजूला होतं, हे तू मला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. मी आयुष्यभर ड्रिलच करत होते आणि मला पत्ताच नव्हता. पण दुसऱ्या मिनिटाला त्याच उस्तादांनी माझ्या हनुवटीखाली छडी लावली. नजर समोर ठेवायची आणि मी खाली बघत होते. इतक्या वेळा ती छडी लागली की मुली मला विचारायला लागल्या, तुझं काय पडलंय का गं जमिनीवर?

माझं काय पडलंय ते त्यांना कसं सांगू?

मी चौथीत आहे, दिवाळी झालीय. पठारावर गवत पिवळं पडलंय आणि ते माझ्या छातीला लागतंय. तू लुगडं खोचून पुढे, मी मागे. पलीकडच्या बांधाला बाबा, सुट्टी टाकून मुंबईहून गवतापुरते आलेले. तू वाकतेस, पण मूठ भरण्याआधी विळ्याची पाठ गवताच्या बुडातून सर्रकन फिरवतेस आणि तोंडानं पुटपुटतेस, "हो रे बाबा बाजूला. तुझं तुला, माझं मला." मग डावा हात घालतेस. प्रत्येक मुठीला हेच. त्या वर्षी तू लोहाराकडून माझ्या हाताच्या मापाचा छोटा विळा करून आणला होतास, त्याची मूठ अजून नवी होती, हाताला खरखरायची. मी मोठ्या ऐटीत वाकले आणि सरळ गवतात हात घातला. तू अशी चापट मारलीस की मनगट लाल झालं. "आधी इळा, मग हात. किती येळा सांगायचं गो तुला?" म्हणालीस. मी रडले. मग तू कनवटीचा गुळाचा खडा काढून दिलास आणि मी तो चघळत, हुंदके देत, प्रत्येक मुठीला विळा फिरवत राहिले.

त्याच हंगामात, काही दिवसांनी, मी शाळेत होते. शेजारची काकू मला न्यायला आली आणि वाटेत कोणाला तरी म्हणाली, हिच्या आयेला पान लागलं. साप चावला असं कोणी म्हणत नाही आपल्याकडे, तेवढं मला कळत होतं. मी तिथेच सडकेवर खाली बसले. घरी पोचले तर तू नव्हतीस, जीपगाडी तुला घेऊन पोलादपूरला गेली होती, आणि तिथून महाडला. फुरसं होतं म्हणाले. फुरसं लगेच नेत नाही, दिवस काढतं. तुझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं, हे मी फार नंतर ऐकलं. बाबा परत आले ते एकटे. त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, "इळा फिरवायला इसरली गो ती."

आये, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढलीत. त्याचा किती आधार वाटायचा, तुला सांगते. तू विसरलीस म्हणून गेलीस, मी विसरणार नाही म्हणजे मला काही होणार नाही. इतका साधा हिशेब. मी गवतात जायचंच सोडलं, आणि जावं लागलं तर हातात काठी. इथेसुद्धा रोज बूट उलटे आपटते, मोजे झटकते, चादर झटकते. माझ्या शेजारच्या पलंगावर गढवालची एक मुलगी आहे, ती सुरुवातीला पोट धरून हसायची, म्हणायची, तुझ्या बुटातून एक दिवस वाघ निघेल. मग लंगरच्या, म्हणजे इथल्या स्वयंपाकघराच्या मागे लाकडाच्या ढिगात खरंच एक जनावर निघालं, जवानांनी मारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तीही बूट आपटायला लागली. मी हसले नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग क्रॉलिंग सुरू झालं. म्हणजे पोटावर पडायचं, रायफल दोन्ही हातांत आडवी धरायची, आणि कोपरं आणि गुडघ्यांवर सरपटत जायचं. मोकळ्या मातीत मी सगळ्यांच्या बरोबरीनं गेले. पण नंतर आम्हाला मागच्या माळावर नेलं. आये, तिथे गवत होतं. आपल्यासारखंच, पिवळं, कमरेएवढं, आणि त्याचा वासही तोच. पलीकडच्या टेकाडावर उस्ताद दुर्बीण घेऊन बसणार, तोच शत्रू, आणि त्याला न दिसता आम्ही त्या गवतातून त्याच्यापर्यंत पोचायचं. मी पोटावर पडले. पुढे काय केलं ते मला कळलंही नाही. टेकाडावरून आवाज आला, "ओ महाराष्ट्र! दुश्मन ने देख लिया. तू मर गई." मी मान वर केली तेव्हा दिसलं, मी रायफल नळीकडून पुढे करून गवताच्या बुडातून फिरवत होते. सर्रकन, डावीकडून उजवीकडे. माझ्यापुढचं गवत असं हलत होतं की आंधळ्यालाही दिसावं. शिवाय नळीत माती गेली. हत्याराच्या नळीत माती म्हणजे इथे मोठंच पाप. त्या दिवशी रायफल डोक्यावर धरून मी मैदानाला इतक्या फेऱ्या मारल्या की खांदे माझे राहिले नाहीत.

दुसऱ्या वेळी मी मनाशी घोकत गेले, फिरवायची नाही, फिरवायची नाही. हात ऐकेना. फिरवली. तिसऱ्या वेळी फिरवली नाही, पण पुढेही गेले नाही. गवताच्या कडेला पोटावर पडून राहिले, उन्हाचा घाम कानात जात होता. उस्ताद खाली उतरून आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे, तेव्हाही असंच झालं तर मला तुला घरी पाठवावं लागेल बेटा. मी बाकी सगळ्यात पास होते. पण गवतात न जाणारा शिपाई कोणाच्या काय कामाचा, हे मलाही कळत होतं.

घरी पाठवणार म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी बघत होते. पोलादपूरच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उतरायचं. चुलत बहिणीसारखं महाडच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या पॅक करायला जायचं, नाहीतर काकानं बघून ठेवलेल्या स्थळापुढे पोहे घेऊन उभं राहायचं. आणि अख्ख्या गावानं म्हणायचं, मिलिटरीत गेली होती, घाबरून आली. ते शेवटचं तर खरंच असणार होतं.

रविवारी फोन मिळतो. बाबा आता मुंबई सोडून गावीच असतात, गुरं बघतात, आणि रविवारी माझ्यासाठी रेंज येते त्या खिंडीत येऊन बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. रायफल विळ्यासारखी फिरवते, तेही. ते म्हणाले, "बाय, ती इसरली नव्हती."

मी म्हटलं, कोण?

"तुजी आय. इळा फिरवला व्हता तिनं. मी पलीकडंच कापत व्हतो, माज्या डोळ्यांनी बघितलं. गवत कापून झालेलं. भारा बांधाया वाकली, तवा मागनं टाचेला लागलं. दवाखान्यात मला म्हनाली, पोरीला सांगा मी इसरले. नायतर ती रानात कवाच पाय टाकायची नाय. तू तर तसाबी टाकत नायस, म्हनून सांगतो."

मग त्यांनी सांगितलं की तू रोज भ्यायचीस. प्रत्येक मुठीला भ्या वाटतं, असं त्यांना म्हणायचीस. ते "हो रे बाबा बाजूला" भ्या वाटायचं म्हणूनच होतं. मग रेंज गेली.

तो आठवडा कसा काढला ते मला विचारू नकोस. धीर आला वगैरे असं तुला वाटत असेल तर नाही आला. उलट जे काही थोडं होतं तेही गेलं. विसरलं तर लागतं हे मला झेपत होतं. न विसरताही लागतं, हे कुठे ठेवायचं? आणि तुझा रागही आला, स्पष्ट सांगते. हिरड्यांतून रक्त येत असताना तुला खोटं बोलायचं सुचलं, आणि तेही स्वतःच्याच नावावर चूक घालून. मी इतकी वर्षं मनात तुला म्हणत होते, काय गो आये, एवढंही लक्षात राहिलं नाही तुला? आणि तू ऐकून घेत होतीस.

परीक्षेच्या दिवशी ढग होते. मी गवताच्या कडेला पोटावर पडले. रायफल दोन्ही हातांत आडवी धरली, इतकी घट्ट की बोटं पांढरी झाली. विळा नाही, काठी नाही, पाय आपटायचा नाही, बघायचंही नाही, कारण डोकं खाली. मी पुटपुटले, "हो रे बाबा बाजूला. तुझं तुला, माझं मला." आणि डावं कोपर आत घातलं. मग उजवं. परत पुटपुटले, परत डावं. मी रडत होते, नाक वाहत होतं, पुसायची सोय नव्हती. मध्यावर कुठेतरी माझ्या डाव्या मनगटावरून काहीतरी गेलं. गार होतं, हळू गेलं. बेडूक असेल, गवताची ओली काडी असेल. जिथे तू चापट मारली होतीस तिथूनच गेलं. मी थांबले, श्वाससुद्धा घेतला नाही. ते गेलं. मी पुढचं कोपर टाकलं. काय होतं ते मला आजही माहीत नाही आणि मला ते कळायला नको आहे.

टेकाडावर मी थेट उस्तादांच्या बुटाशी पोचले तेव्हाच त्यांना दिसले. पास म्हणाले. मग विचारलं, ओठ का हलतायत, मंत्र म्हणतेस का? मी म्हटलं, हां उस्ताद. घरचा आहे. त्यांनी मान हलवली. मग मी झाडामागे जाऊन ओकले.

परवा बाबा येणार आहेत, नवीन शर्ट घेतलाय म्हणे पोलादपुरात. तू सांगितलेल्या खोट्याचा विषय त्यांनी परत काढलेला नाही, मीही काढणार नाही. हे कागद त्यांना दाखवणार नाही. ट्रंकेच्या तळाला घडी करून ठेवीन, आणि कधीतरी फाडीन.

एवढंच राहिलं. परेडीत सगळ्या मुली नजर समोर ठेवून उभ्या असतील, मीही असेन, आता जमतं मला. पण पहिलं पाऊल टाकायच्या आधी मी एकदा खाली बघणार आहे. डांबरी मैदान आहे, रोज झाडतात, तिथे काही नसतं. मला माहीत आहे. तरी बघणार.