गिलावा नको

५ जानेवारी
आज माझ्या आर्किटेक्ट फर्मचं तत्त्वज्ञान पक्कं केलं. घर जसं आहे तसं दिसावं. गिलावा नाही, रंग नाही, लपवाछपवी नाही. फर्म म्हणजे मी आणि कऱ्हाडात स्टँडमागची एक खोली. बायकोने, म्हणजे संयोगिताने विचारलं, आधी तत्त्वज्ञान की आधी दुसरं काम. दुर्लक्ष केलं. पहिलं काम, उंब्रजच्या माजी सुभेदार नानासोंचा बंगला, स्लॅबपर्यंत आलाय. २२ फेब्रुवारीला पुण्याहून फोटोग्राफर येणार. फोटो घरांच्या डिझाइनच्या स्पर्धेला जाणार. नंबर आला की फर्म मार्गी.

११ जानेवारी
साइटवर नानासोंना तत्त्वज्ञान समजावलं. विटा नदीकाठच्या भट्टीतल्या, एकसारख्या लाल. झाकायच्या कशाला? त्यांनी एका विटेवर नख घासून पाहिलं. मुद्दा पोचला.
शालूबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, गिलाव्याची वाळू कधी येणार ते विचारलं. सवयीने विचारलं असावं.

१९ जानेवारी
नानासोंचा फोन. गावात तिघांनी विचारलं म्हणे, पैसे संपले का. इकडे विटा उघड्या दिसल्या की लोकांना एवढंच सुचतं. मी म्हटलं, लोकांना शिकवायला वेळ लागतो. तर म्हणाले, "लोकास्नी शिकवाय घर बांधतोय व्हय आमी?"
मिश्कील माणूस.

२ फेब्रुवारी
नानासोंचा मुलगा वीरधवल. वय बत्तीस, ऊस उत्तम, वागायला सरळ, तरी चार वर्षं मुलगी मिळत नाही. शेती करणाऱ्याला हल्ली कोणी देत नाही. आज कोयनानगरहून मुलीकडचे घर बघायला आले. मी मुद्दाम हजर राहिलो. मुलीच्या वडिलांनी भिंतीवर हात फिरवला आणि काम कशाने अडलंय विचारलं. मी पाऊण तास बोललो. जाताना कळवतो म्हणाले. चांगलं लक्षण.

४ फेब्रुवारी
कळवलं. मुलाला नाव ठेवायला जागा नाही. पण अर्धवट घरात लग्न काढतायत म्हणजे आतून परिस्थिती नाजूक असणार. नकार.
घर अर्धवट नाही! पाऊण तास काय सांगत होतो मी? भयंकर चीड आली. दुपारी जेवलो नाही. चारला जेवलो.

५ फेब्रुवारी
नानासो पहिल्यांदाच ऑफिसात आले. गिलावा करायचा म्हणतात. चौदा तारखेला सांगलीकडचे दुसरे पाहुणे येतायत. मी हात जोडले. बावीसला फोटो होऊ द्या, मग काय वाटेल ते फासा. तत्त्वज्ञानात एवढी लवचिकता हवीच. वाटल्यास पाहुण्यांना पंधरा दिवस पुढे ढकला, असंही सुचवलं. ते चहा न घेताच उठले. विचार करतील.

९ फेब्रुवारी
साइटवरचा सिद्धू मिस्त्री चार दिवस फोन उचलत नाही. कामात असेल.

१३ फेब्रुवारी
कामातच होता. आतून-बाहेरून गिलावा. ओल्या गिलाव्यावरच पोपटी रंग. वर गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची तोफ. नानासो सव्वीस वर्षं तोफखान्यात होते. दीड वर्षात मी हे कधी विचारलंच नव्हतं.
फोटोग्राफरला येऊ नको म्हणून कळवलं. स्पर्धा गेली. रडू आलं. संयोगिताने माझ्या आवडीची भाजी केली, ते जास्त लागलं.

१५ फेब्रुवारी
वीरधवलचं ठरलं. मुलगी प्रियदर्शनी, मिरजेत नर्स आहे. पाहुण्यांना घर फार पसंत पडलं म्हणे. कुठलं घर?

९ मार्च
लग्न. जायचं नाही असं कालच ठरवलं होतं. गेलो.
नानासोंनी हाताला धरून व्याह्यांपुढे उभं केलं. म्हणाले, "हे आमचे आर्किटेक्ट. घर ह्येंनीच बांधलंय. आमी नुस्तं झाकलं."
व्याह्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्यांनाही बंगला बांधायचाय, असाच, फक्त तोफेच्या जागी ट्रॅक्टर पाहिजे. आता यांना तरी पहिल्यापासून नीट समजावून सांगायचं, म्हणून मी घसा साफ केला. मग विचारलं, ट्रॅक्टर साधारण किती फुटी?