आयसीयूबाहेरच्या चपला

मंगळवार, संध्याकाळ

व्हेंटिलेटरवरचे पेशंट, चांदवडचे काका, दुपारी गेले. फुप्फुसविकारांच्या फेलोशिपला आल्यापासून पहिल्यांदाच नातेवाइकांना मी सांगितलं. युनिटचे सर नुसते मागे उभे होते. काकूंनी ऐकून घेतलं आणि दाराशी ठेवलेल्या काकांच्या चपलांकडे पाहिलं. काका आले होते स्ट्रेचरवर, पण घरी चालत जाताना लागतील म्हणून काकूंनी त्या आणल्या होत्या.

“मंग ह्या घेऊन जाऊ का, मॅडम?”

मी हो म्हटलं.

नंतर सर म्हणाले, “छान सांगितलंस. आवाज जराही हलला नाही.” बरं वाटायला हवं होतं का? की रडू यायला? काहीच झालं नाही.

घरी आईने विचारलं, “कसा गेला दिवस?”

मी त्याच आवाजात म्हणाले, “छान.”

आई माझ्या पायांकडे बघत राहिली. मी चपला घालूनच स्वयंपाकघरात आले होते.