जास्तीचा सुटा भाग

९ सप्टेंबर, शनिवार
आज स्वतःचा पेंटबॉल मार्कर घेतला, रंगाच्या गोळ्या झाडायचा. बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं. दुकानदारानं दोनदा बजावलं. यांत्रिक आहे. बॅटरी नाही, सर्किट नाही, नखरे नाहीत. अगदी माझ्यासारखा. दुकानातला सगळ्यात स्वस्त. महागडे मार्कर अंगात कौशल्य नसलेल्यांसाठी असतात.

गेली बारा वर्षं मी हार्मन गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या पेंटबॉल संघाचा कॅप्टन आहे. दर ऑक्टोबरात पाइक क्रीकच्या दलाशी सामना. ज्याला रंग लागला तो बाद. हरेल त्यानं रविवारी चर्चसमोर जिंकणाऱ्यांचा बंब धुवायचा. आम्ही त्यांचा बंब इतका धुतलाय की आता रंग निघू लागलाय. बाराही सामन्यांत पहिला बाद मीच झालो. कारण एकच, भाड्याचे मार्कर.

मेहुणा डेल्बर्ट आज सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, यंदा परत पहिले बाद झालात, तर शिटी माझी."
शिटी म्हणजे कॅप्टनची पितळी शिटी. बारा वर्षं माझ्या गळ्यात आहे. मी हसलो. नीट जमलं नाही, पण हसलो.

१० सप्टेंबर
मार्करबरोबर बत्तीस पानांची माहितीपुस्तिका आली आहे. पहिल्याच पानावर 'वापरण्यापूर्वी वाचा'. हे नवशिक्यांसाठी. गॅरेजमधलं टेबल दोन वर्षं डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली नेमकी बसली. उपयुक्त पुस्तिका.

१३ सप्टेंबर
मार्कर पूर्ण खोलला. वेळ : चार मिनिटं. परत जोडला. वेळ : दोन तास दहा मिनिटं, पण त्यात कॉफी धरली आहे. एक भाग उरला. वाटाण्याएवढा रबरी दाणा. कंपनीनं जास्तीचा दिलेला दिसतो. हल्ली अशी माणुसकी कुठे राहिली आहे? जॅमच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवला.
नदीनला (बायको) वाटतं, पुस्तिकेत बघावं. म्हटलं, मग टेबल डुगडुगेल.

१६ सप्टेंबर
तेलपाणी केलं. मार्करचं खास तेल मिळतं म्हणे, दोन थेंब पुरतात. आपल्याकडे दाराच्या बिजागऱ्यांचा स्प्रे आहे. अर्धा डबा मारला. नदीननं डब्यावरचं बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं की हे रबर खातं. बायकांना बारीक अक्षरं बरी दिसतात.

१७ सप्टेंबर
मार्कर सतत फुसफुसतोय. जिवंत आहे.

१९ सप्टेंबर
गोळी ढकलणाऱ्या हवेच्या टाकीपाशी लावलेल्या रबरी रिंगा फुगून वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. निकृष्ट माल. स्वयंपाकघरातल्या नळाच्या रिंगा काढून बसवल्या, चपखल बसल्या. आता मार्कर गळत नाही. नळ गळतो. नदीन बोलत नाही. तयारीला शांतता लागतेच.

२३ सप्टेंबर
रंगाच्या गोळ्या आणल्या. केशरी. कवच जिलेटिनचं, म्हणजे जेलीच. जेली थंडच ठेवतात. फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाशेजारी ठेवल्या. डेल्बर्ट जेवायला आला होता, आइस्क्रीम शोधता शोधता चॉकलेटची गोळी समजून त्यानं एक चावली. कडक्कन फुटली. दोन दिवस दात केशरी राहणार. विषारी नाही, मी चौकशी केली. नंतर केली, पण केली.

२५ सप्टेंबर
मागच्या अंगणात सराव. दोन निरीक्षणं :
एक, गोळ्या नळीतच फुटतात, त्यामुळे शत्रूवर ठिपक्याऐवजी फवारा उडतो. एका वेळी तिघे रंगतील. हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं.
दोन, नळी जरा खाली केली की गोळी आपोआप घरंगळून बाहेर येते. घोडा दाबावाही लागत नाही. इतका हलका मार्कर मी पाहिला नाही.

३० सप्टेंबर
मैदानावर वेगमापक यंत्र असतं. गोळी सेकंदाला दोनशे ऐंशी फुटांपेक्षा जोरात गेली तर खेळू देत नाहीत. माझी तीनशे एक्केचाळीस. सगळे मागे सरले. मनातून बरं वाटलं. पंच टोबिन म्हणाला, मागचा स्क्रू फिरव. फिरवला. अजून फिरवला. शेवटी चौऱ्याण्णव.
टोबिननं विचारलं, एवढी कमी चालेल का? मी म्हटलं, मर्यादा दोनशे ऐंशी ना, मग मी ती तब्बल एकशे शहाऐंशी फुटांनी पाळली आहे.

६ ऑक्टोबर
उद्या सामना. संकल्प :
– पहिला बाद व्हायचं नाही.
– डेल्बर्टच्या दातांबद्दल काही बोलायचं नाही. (शिटी परत मिळेपर्यंत. म्हणजे, माझ्याकडेच राहीपर्यंत.)
– पायात दलाचे पोलादी टोकाचे बूट. पोशाखात दरारा हवा.
गोळ्या बर्फाच्या डब्यातून नेणार.

७ ऑक्टोबर, दुपारी साडेचार
सविस्तर लिहिलं पाहिजे. हा दिवस ऐतिहासिक आहे.
सामना सुरू होताच मार्कर फुस्स झाला. नळाची रिंग उडून पाचोळ्यात पडली. मी ओढ्यालगतच्या खड्ड्यात उतरून ती शोधायला लागलो. याला युद्धनीती म्हणतात. पाऊण तास वरून आरडाओरडा ऐकू येत होता. रिंग सापडली, बसवली, मान वर काढली, तर दोन्ही संघ जवळजवळ साफ. आमचे सगळे बाद. डेल्बर्ट सहाव्या मिनिटाला बाद, आमच्यात पहिला. पहिला! हे दोनदा लिहिलं आहे, खोडणार नाही.
त्यांच्यातली एकच उरली होती. ओपल डिट्झ, वय एकाहत्तर. पाइक क्रीकच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, दलाच्या हिशेबवह्या बघते, हातात भाड्याचा मार्कर. ती सावकाश खड्ड्याच्या काठाशी आली. दहा फुटांच्या आत समोरासमोर आलं की गोळी झाडत नाहीत, आधी शरण येतोस का विचारतात. इथली रीतच आहे.
ओपल म्हणाली, "मर्ल, बाळा, येतोस का शरण? माझे गुडघे दुखतायत रे, उगाच उभं करून ठेवू नकोस."
मी सावकाश उभा राहिलो. म्हटलं, "हार्मनचा कॅप्टन शरण जात नसतो."
उभं राहताना नळी खाली झाली होती. गोळी घरंगळली, बुटाच्या पोलादी टोकावर पडली आणि काचेसारखी फुटली. ठक्. केशरी.
ओपलनं बोटही हलवलं नव्हतं.
टोबिननं वाकून बूट पाहिला आणि म्हणाला, रंग लागला, बाद. मी विचारलं, पण रंग कुणाचा? तो म्हणाला, नियम तेवढं विचारत नाही.
पण मुद्दा असा की मी पहिला बाद झालो नाही. शेवटचा झालो. डेल्बर्टलाही मान्य करावं लागलं. म्हणाला, "बरोबर आहे दाजी, शिटी तुमचीच. फक्त एक सांगा, तुम्हाला मारलं कुणी?"
सगळे फार वेळ हसले. ओपल खाली बसून हसली, गुडघे विसरून.

८ ऑक्टोबर, रविवार
चर्चसमोर पाइक क्रीकचा बंब धुतला. मी पुढची चाकं घेतली. बुटावरचा रंग गेलेला नाही.
सकाळी नदीननं टेबलाखालची पुस्तिका काढून माझ्यासमोर ठेवली. पान सात : 'रबरी दाणा गोळीला नळीत अडवून धरतो. काढू नये.' पान नऊ : 'गोळ्या गोठवू नयेत, कवच ठिसूळ होते.' नळाचं पान त्यात नाही. ते नदीननं तोंडी सांगितलं.
टेबल पुन्हा डुगडुगतंय.
बंब धुताना शिटी मीच गळ्यातून काढून डेल्बर्टच्या हातात दिली. त्यानं विचारलं, कशाला? म्हटलं, साबणाच्या पाण्यानं गंजते.
पितळ गंजत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी त्यानं ती गळ्यात घातली आणि माझ्याच बादलीत स्पंज बुडवला.