बुधवारचं अळणी

रविवार, १८ जानेवारी १९८१

मंदा सकाळच्या गाडीने इगतपुरीला गेली. जावयांची रेल्वेची ड्यूटी, तिची शाळकरी पोरं. लेक तरी किती दिवस आईपाशी राहणार? जाताना दारातून म्हणाली, "बाबा, निदान मऊ भात तरी करता येतो ना?" येतो म्हणालो.

आता घरात आम्ही दोघंच. मुदतीचा ताप उतरला, पण सौ. जेवत नाही. दोन घास, की ताट सरकवते. बांगड्या कोपराकडे घसरतात. मी पाहतोय असं दिसलं की पदर ओढून घेते.

सोमवार, १९

डॉक्टर येऊन गेले. "ताप गेला, आता अन्न पोटात जायला हवं. कोंबडीचं सूप द्या. पुढच्या आठवड्यापर्यंत फरक नाही पडला तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावू." दवाखाना म्हटल्यावर सौ.ने भिंतीकडे तोंड केलं. तिची थोरली बहीण तिथून परत आली नव्हती.

सूप म्हणजे आपलं अळणी. मसाला पडण्याआधीचं, हाडामांसाचा कस उतरलेलं पाणी. आई करायची.

या घरात कोंबडी शिजली नाही त्याला नऊ वर्षं होतील. आईच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, तेव्हा गुरुजी म्हणाले, आवडीचं काही सोडा. डोळ्यांसमोर तिच्या हातचा रस्साच आला. ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडला. तेव्हापासून कुणाच्या लग्नात, जत्रेत, कुठेही नाही.

करायला हरकत नसावी. खायचं नाही, एवढंच.

बुधवार, २१

ऑफिस सुटल्यावर द्वारकेच्या चौकात बसमधून उतरलो. कोंबडीवाल्याने विचारलं, "गावठी देऊ का इंग्लिश?" आजाऱ्यासाठी म्हटल्यावर म्हणाला, "मग चाचा, गावठीच न्या. आणि पाय फेकू नका, सगळी ताकद त्यातच."

शेगडी मागच्या अंगणात मांडली. स्वयंपाकघरात देव आहेत. आईही बाहेरच करायची, गोठ्याच्या आडोशाला, तीन दगडांवर. सिन्नरच्या बाजूचं आमचं गाव, गुरुवारचा बाजार. पण कोंबडी बुधवारी नाहीतर रविवारी. जर्मनचं एक पातेलं त्यासाठी वेगळं, गोठ्यातल्या खुंटीला टांगलेलं. ते खाली उतरलं की आम्ही पोरं शाळेतून आल्या आल्या ओळखायचो.

कांदा तेलावर परतला, आलं-लसूण, हळद, मीठ, मग कोंबडी. वर ताट झाकून ताटात पाणी. ते तापलं की तेच आत ओतायचं, गार पाणी घालायचं नाही. आच मंद. हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं, तरी हाताला माहीत होतं. वास सुटला आणि मी क्षणभर अंगणात नव्हतोच.

चाखायचा प्रश्न नव्हता. आईसुद्धा चाखायची नाही. आधी देवीला नैवेद्य, मग माणसं. मीठ मुठीने घालायची. मीही एक मूठ घातलं.

सौ.ने चमचाभर घेतलं आणि डोळे मोठे केले. "अहो, समुद्र आटवलात की काय?"

"आई मूठभरच घालायची."

"त्यांची मूठ केवढी, तुमची केवढी!"

खरंच. आईचा हात चिमणीएवढा. बांगडीवाला म्हणायचा, हिला पोरीच्याच बांगड्या बसतात. हे कसं ध्यानात आलं नाही?

पण सौ. हसली. आजारपणात पहिल्यांदाच.

शनिवार, २४

थंडी फार. सौ.ला उन्हात बसवलं. दिवसभरात अर्धा कप दूध. विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, काहीच नाही. उद्या पुन्हा अळणी, मीठ बेतानं.

रविवार, २५

या वेळी जमलं. वर पिवळा तवंग, मांस हाडावरून सुटलेलं. काळा मसाला घालून थोडा रस्साही केला, बाजरीची भाकरी थापली. एका बाजूने फुटली.

मी माझं पिठलं घेऊन समोर बसलो. सौ.ने वाटी तोंडाला लावली. दोन घोट. खाली ठेवली.

"खारट?"

"नाही. चांगलं झालंय. सासूबाईंचीच चव."

"मग?"

"एकटीला उतरत नाही."

म्हटलं, मी बसलोय की समोर. ती म्हणाली, "तुम्ही पिठल्याला बसलात. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही चाखलं नाही असं काही मी तोंडात घातलंय का?"

मग हळूहळू बाहेर आलं. मी रामकुंडावर सोडलं, त्याच दिवसापासून हिनेही सोडलेलं. मला वाटायचं, माझ्यासाठी घरात करत नाही, बाहेर खात असेल.

"माहेरीसुद्धा नाही?"

"माहेरी पोट दुखतंय म्हणायची. वहिनी ओवा द्यायची. किती ओवा खाल्ला असेल मी!"

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्हाला विचारायला गुरुजी होते. मला कोण विचारणार होतं?"

वाटी तशीच राहिली. गार झाल्यावर वर पांढरी साय धरली. ओतून देताना बरं वाटलं नाही.

मंगळवार, २७

उद्या डॉक्टर येणार. सौ. आज उठून उभी राहिली आणि दाराला धरून बसली. चेहरा मेणासारखा.

ऑफिसातून परस्पर रामकुंडावर गेलो. ते गुरुजी आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, काय सोडायचं ते वडिलांनी नव्हतं सांगितलं, तुम्ही म्हणालात. घरी काय करायचं तेही तुम्हीच ठरवा. मी हो म्हटलं तरी तुम्हाला पटायचं नाही." पोरगा खरं बोलला.

पायऱ्यांवर बसून राहिलो. पाणी गार, दिवे सोडत होते लोक. एक आठवण आली, इतक्या वर्षांत आली नव्हती.

मला गोवर झाला होता. सगळे म्हणत होते, पोरगं काय खात नाय. आईने अळणी केलं. मी वाटी ढकलली, कढत हाय म्हणून. अजून नैवेद्य व्हायचा होता. आई जरा थांबली. मग देवीच्या कोनाड्याकडे पाठ केली, फुंकर घातली आणि स्वतः एक घोट प्यायली. "बघ, न्हाई भाजत. पी." मग मागे न वळताच देवीला म्हणाली, "तू नको बघू गं बाय. पोरगं लय आजारी हाय." मी प्यायलो.

पुढच्या बुधवारी तिने दुसरी कोंबडी करून आधी नैवेद्य दाखवला. देवी रागावल्याचं काही मला आठवत नाही.

पण ती आई होती. तिने तिची रीत मोडली. मी जे पाण्यात सोडलं ते तिच्या नावाने सोडलं. ते दोन्ही एकच आहे का?

बुधवार, २८

डॉक्टर सकाळी येऊन गेले. वजन आणखी उतरलं. "उद्या घेऊन या, एक खाट सांगून ठेवतो." ते गेल्यावर सौ. म्हणाली, "माझी जुनी शाल काढून ठेवा." म्हणजे मनाने निघालीच.

ऑफिसला गेलो नाही. द्वारकेहून गावठी आणली. कोंबडीवाल्याने न विचारता पाय बांधून दिले.

आता अंगणात शेगडीपाशी बसून लिहितोय. ताटातलं पाणी तापलंय, बाजूने वाफ येते. मीठ या वेळी सौ.च्या हाताने घेतलं. तिच्यापुढे डबा धरला, म्हटलं, घाल तुझी मूठ. "मी पडल्या पडल्या स्वयंपाक करू का?" म्हणाली, पण घातली.

दिवा लावला, नमस्कार केला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. मग देवघराचा पडदा ओढून घेतला. तो दिवसा कधी ओढत नाही.

अळणी झालंय. भांडी वाजल्याचं आत ऐकू गेलं असावं. सौ.चा आवाज आला, बारीक पण चौकस.

"अहो, वाट्या किती काढल्यात?"

दोन आहेत समोर. एक भरली आहे.

"ऐकलंत का? किती?"