दगडाच्या भेगेत

माय, परवा लेकीनं मला अमेरिकेतल्या वाळवंटात एक दरी दाखवायला नेलं. दरी म्हणजे आपल्याकडची रुंद दरी नव्हे. जमिनीला पडलेली नुसती भेग, आत लोखंडी शिडीनं उतरायचं. वाटाडी बाई तिथल्याच मूळ लोकांतली, माझ्याच वयाची. तिची आजी तिथं मेंढ्या चारायची म्हणे. उतरण्याआधी तिनं सगळीकडून आभाळ न्याहाळलं. लांब कुठं पाऊस झाला तरी इथं लोंढा येतो, त्या लोंढ्यांनीच हा दगड कापलाय, असं ती सांगत होती आणि लेक मला समजावत होती.

खाली भिंती तांबड्या, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. हात फिरवत, बघत बघत गेले. मग वाट इतकी अरुंद झाली की एका अंगानं सरकायचं. वर पाहिलं तर आभाळाची नुसती चिंधी. माझे पाय तिथंच थिजले.

आपल्या गावचा, दिंद्रुडचा आड. दुष्काळाचं साल. बा ऊसतोडीच्या टोळीबरोबर सहकारी कारखान्यावर गेलेला. धाकटा महिन्याचा, म्हणून तू मागं राहिलेली. मी नऊ वर्षांची. कमरेला दोर बांधून तू मला आत सोडतेस, तळाचं पाणी वाटीनं कळशीत भरायला. वरून एक दगड सुटतो, माझा खांदा घासून जातो. मी किंचाळते. तू मला ओढून वर काढतेस आणि आधी थोबाडीत देतेस. "वरडतीस कावून? दोर माझ्या हातात हाय न्हवं!" जवळ घेतलं नाहीस. ते मी पन्नास वर्षं मनात धरून होते, माय. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा.

दरीत लेक माझ्यापुढं होती. मागं वळून माझा हात धरला आणि खेकसली, "आई, वर बघू नको म्हटलं ना! माझ्याकडं बघ!" मला रागच आला. पण तिचा हात गार पडला होता, लटलटत होता. वाटाडी पुढं थांबून, सावकाश या, असं हातानंच सांगत राहिली. वीतवीत सरकत आम्ही बाहेर आलो. उघड्या वाळूत बसले आणि मला हसूच आवरेना.

"हसतेस काय? माझा जीव गेला होता तिथं!" लेक म्हणाली.

तेव्हा तिला आडाचं सगळं सांगितलं. तुझा हातही तसाच लटलटत असणार. मी तो कधी धरून पाहिलाच नाही. सांगून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की परतताना गाडीत गाढ झोपले.

हे वहीतच राहील. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता पाठवायचं तरी कुठं? पण एक गोष्ट लेकीलाही सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी पाय मुरगळलाय म्हणून मी उंबऱ्यात बसून राहिले, आणि शेजारणीच्या हाती दोर देऊन तू, ओली बाळंतीण, स्वतः आडात उतरलीस. माझा पाय चांगला होता, माय.