सत्तेचाळीस नंबर

रविवार, १ फेब्रुवारी

नंबर पुकारणारी बाई स्वतःच तिकीट घेऊन खेळते – हा कुठला न्याय!

आज महिला मंडळाची हाऊजी. माझे चौदा आकडे कटले, राहिला एकटा सत्तेचाळीस. विमलकाकू पिशवीत हात घालतात, चाचपतात, सोंगटी काढतात – दुसराच नंबर. आणि मग स्वतःच म्हणाल्या, फुल हाऊस. इडलीपात्र त्यांना! दिवाळीतबी कुकर त्यांनाच.

मी म्हटलं, पिशवी उलटी करा. केली. नऊ सोंगट्या पडल्या. सत्तेचाळीस त्यात न्हाय, बोर्डावर न्हाय. काकू उठल्या आणि भर बैठकीत पदर झटकून दाखवला. अडुसष्ट वर्षांची बाई.

"शिवलीला, वीस वर्षं तुम्हाला खेळवलं. मी खेळायचं न्हाय का कधी?"

न्हाय! जिच्या हातात पिशवी, तिनं खेळायचं न्हाय.

सोमवार, २ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलंच. हे म्हणतात, इडलीपात्र मी आणून देतो, सोड आता. इडलीपात्राचं न्हायच ते!

मंडळासाठी राबायचं आम्ही. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला करंडा पिशवीत सांडला, तर लाल झालेल्या नव्वदच्या नव्वद सोंगट्या घासल्या कुणी? मी. गच्चीवर कुरडयांच्या प्लास्टिकवर वाळवल्या, भरून दिल्या. कुणी साधं बरं केलंस म्हटलं न्हाय.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. दीपाली काकूंच्या शेजारी राहते. म्हणाली, काकू एकट्या असतात, महिन्यातून एकदा तिकीट घेतात तेवढाच त्यांचा विरंगुळा, राहू द्या की. मी ऐकलं न्हाय. हात वर करून मतं घेतली. पुकारणारीनं तिकीट घ्यायचं न्हाय – ठरलं! पिशवी आता माझ्याकडं.

काकू आल्याच न्हायत. खऱ्या असत्या तर आल्या असत्या.

रविवार, १ मार्च

आज मी पुकारलं. सत्तेचाळीसच्या जागी बाटलीचं झाकण, त्यावर पेननं आकडा.

सगळ्या आकडे कापतात, हसतात, एकमेकींच्या तिकिटात डोकावतात. आपण नुसता पिशवीत हात घालायचा. लई कंटाळा आला. मधेच मनात आलं, एक तिकीट घ्यावं. स्वतःचाच राग आला. काकूंचा त्याहून जास्त!

मंगळवार, १० मार्च

काकू कळंब सोडून गेल्या. वाशीला, लेकाकडं, कायमच्या. दीपाली सांगत होती, बायका बघून कुजबुजतात म्हणून त्या किराणा आणायलाबी बाहेर पडेनाशा झाल्या होत्या. माझ्याकडं रोखून बघत सांगत होती.

मी काय त्यांना हाकललं? केलं तसं भोगलं. बरंच झालं गेल्या ते!

रविवार, १५ मार्च

कुरडया घालायला गच्चीवर प्लास्टिक उलगडलं. घडीतून सोंगटी पडली. सत्तेचाळीस. कडेला अजून कुंकू.

सासूबाईंनी विचारलं, काय गं पडलं? काही न्हाय म्हटलं.

लाज वाटते. लई लाज वाटते.

सोंगटी पदराला बांधलीय. उद्या वाशीची पहिली गाडी कितीला आहे, ह्यांना विचारून ठेवलं.