राजाची मिशी

१४ सप्टेंबर, रविवार

आला! आला! राजाजीनगरच्या हार्डवेअरवाल्याचा फोन — सँडर आला म्हणून. चहा अर्धा टाकून पळालो. लाकूड घासायचं यंत्र, मुठीत मावेल एवढं. खाली पॉलिश पेपरची गोल चकती चिकटवायची, बटण दाबलं की गुर्रऽऽ! जुनं स्टूल बघता बघता नवंकोरं. वसुमती म्हणे, "घरभर धूळ! ऑफिसात जात होता तेच बरं होतं." म्हणू दे.

१५ सप्टेंबर

हात नुसते शिवशिवतायत. पाट झाले, देव्हाऱ्याची दारं झाली. पोळपाट बायकोने हातातून ओढून घेतला!

१६ सप्टेंबर

सुचलं! पट्टद गोंबे, दसऱ्याच्या बाहुल्या! वसुमतीच्या आईने लग्नात दिलेली राजा-राणीची लाकडी जोडी. दर दसऱ्याला मांडायची, आणि मांडण्याआधी दरवर्षी रंगाचा नवा हात. इतके थर चढलेत की राणीचं नाक कुठलं नि गाल कुठला, कळत नाही. सगळं घासून मूळ लाकूड काढायचं आणि जोडी रक्षिताला द्यायची. आईने लेकीला, अशीच चालत आलीय.

पण लेक येतेय कुठे? ती कोरमंगलाला भूमिकाबरोबर राहते. "नुसती मैत्रीण नाही, आम्ही जोडीदार आहोत," असं मागच्या दसऱ्याला सांगितलंन. तेव्हापासून वसुमती भूमिकाचं नाव काढत नाही आणि रक्षिता या घरात पाऊल टाकत नाही. मला माझी पोर घरी हवी आहे, बस्स.

फोन केला. "अप्पा, राजा-राणी घेऊन मी काय करू? आणि भूमिकाला सोडून मी येणार नाही." 'सरी', बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१८ सप्टेंबर

राणी झाली! आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, शेवटी २२०. काय लाकूड निघालं! लालबुंद, हाताला लोण्यासारखं. गालावर चक्क खळी आहे! वसुमती काही ना काही निमित्त काढून बघून जातेय.

१९ सप्टेंबर

घात केला. दुकानदाराने बजावलं होतं — "सर, मुखाला मशीन नको. पेपर बोटाला गुंडाळून स्वल्प स्वल्प." राणीच्या वेळी ऐकलं. राजाच्या वेळी चेव चढला. गुर्रऽऽ — आणि कोरलेली झुबकेदार मिशी सपाट!

वसुमतीला दाखवलं. आता तोफ सुटणार म्हणून उभा राहिलो. ती बराच वेळ राजाच्या तोंडावरून बोट फिरवत बसली, मग दोघांना उचलून आत गेली.

२० सप्टेंबर

रंगवायचं काम तिने घेतलंय. मला आत मज्जाव! "मिशी जाड काढ गं," दाराबाहेरून सांगितलं.

२१ सप्टेंबर

उद्या घट. राजाला मिशी नाही! हिरवी साडी आहे, नाकात नथ, फेट्यावर मोगऱ्याची वेणी. दोघी शेजारी शेजारी. वसुमती ब्रश धूत म्हणाली, "फोन लावा. रक्षिताला नको, भूमिकाला. तिला मीच बोलावते."